लस आल्यानंतर उरलेला न्यूमोकॉकस: तक्ता वाचायचा कसा, नमुना पाठवायचा कसा?

बालरोग_निवासी :

नमस्कार मंडळी,

न्यूमोकॉकस म्हणजे न्यूमोनिया, मेंदूज्वर करणारा जंतू. त्याच्यावरची पीसीव्ही, म्हणजे न्यूमोकॉकल कॉन्ज्युगेट लस, सुरू होऊन काही वर्षं झालेल्या कुठल्याही ठिकाणचा अहवाल उघडला की एक वाक्य हमखास भेटतं: "सध्या सापडणाऱ्या न्यूमोकॉकसपैकी बहुसंख्य सिरोटाइप लसीत नसलेले आहेत." (सिरोटाइप म्हणजे कवचावरून पाडलेले जंतूचे प्रकार, ३, ६ए, १९ए अशा नावांचे.) या एका वाक्यावरून दोन तट पडतात. एक म्हणतो जंतूने वेश बदलला, लस निकामी झाली. दुसरा म्हणतो लसीने काम चोख केलं, म्हणूनच तिच्यातले सिरोटाइप दिसेनासे झाले. तक्ता मात्र दोघांच्या हातात तोच.

तर हा तक्ता वाचायचा कसा, हा पहिला प्रश्न. दुसरा जास्त निकडीचा. सगळे डोस वेळेवर झालेल्या तीन वर्षांच्या मुलाला एम्पायमा (फुप्फुसाभोवती पू) झाला, छातीतून पू काढला, कल्चर (जंतू वाढवून बघण्याची तपासणी) निगेटिव्ह आलं; तर जंतू आणि सिरोटाइप शोधायचा कसा? लसीतलाच सिरोटाइप निघाला तर त्या मुलाच्या पुढच्या तपासण्या कोणत्या? आणि जाता जाता: मधले डोस चुकलेल्या मुलाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची का, हा ओपीडीतला रोजचा वाद आहे. तोही मिटवा.

आकडेमोड :

तक्त्याचं आधी. टक्के बाजूला ठेवा आणि दर मागा. दर लाख मुलांमागे किती, हे लिहिलेलं नसेल तर त्या तक्त्यावरून लस चालली की नाही याचा निवाडा होतच नाही.

हिशेब कळावा म्हणून काल्पनिक आकडे घेऊ. लसीआधी लाखभर मुलांत वर्षाला १०० आयपीडी (आक्रमक न्यूमोकॉकल आजार: रक्त, मेंदूभोवतीचा द्रव म्हणजे सीएसएफ, फुप्फुसाभोवतीचा द्रव म्हणजे प्ल्युरल फ्लुइड अशा एरवी निर्जंतुक असणाऱ्या जागी जंतू सापडलेला). त्यातले ८० लसीतल्या सिरोटाइपांचे, २० बाहेरचे. लसीनंतर आतले ८ उरले, बाहेरचे वाढून ३२ झाले. बाहेरच्यांचा वाटा २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर! छातीत धस्स होतं. पण एकूण आजार १०० वरून ४० वर आलेत. आतले ७२ टळले, बाहेरचे १२ वाढले. याच्याही पुढची गंमत अशी की बाहेरचे २० चे २० राहिले असते तरी त्यांचा वाटा २८ पैकी २०, म्हणजे ७१ टक्के झाला असता. एकही जास्तीचं मूल आजारी न पडता.

आता खरे आकडे. अमेरिकेत पीसीव्ही७ (पुढचा आकडा म्हणजे लसीतल्या सिरोटाइपांची संख्या) फेब्रुवारी २००० मध्ये मंजूर झाली. त्याआधी, १९९८ च्या सुमाराला, पाच वर्षांखालच्या मुलांत आयपीडीचा दर लाखामागे साधारण ९५ ते १०० होता. २०१० मध्ये पीसीव्ही१३ आली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत हा दर १० च्या खाली गेला. म्हणजे बाहेरच्या सिरोटाइपांनी जागा घेतली, पण रिकामी झालेली सगळी जागा त्यांना आजाराच्या रूपात भरता आली नाही.

याचं कारण नाकात आहे. नाक-घशात न्यूमोकॉकसचा मुक्काम असणाऱ्या मुलांचं प्रमाण लसीनंतर फारसं घटत नाही. आतले सिरोटाइप गेले की त्यांच्या जागी बाहेरचे येऊन बसतात. मात्र नाकात बसणं वेगळं आणि रक्तात उतरणं वेगळं. १, ५, ७एफ हे नाकात क्वचित सापडतात, पण सापडले की आजार करण्याकडे त्यांचा कल मोठा. ११ए, २३बी, ३५बी यांसारखे नाकात भरपूर, रक्तात त्या मानाने कमी. म्हणून नाकातली अदलाबदल जवळजवळ पूर्ण, आजारातली अर्धवट.

अदलाबदल खोटी आहे असं मात्र कुणी समजू नये. पीसीव्ही७ नंतर १९ए ने अमेरिकेत चांगलाच जोर धरला, तोही अनेक अँटिबायोटिकांना दाद न देणारा. पीसीव्ही१३ मध्ये १९ए घातल्यावर तो उतरला. बेल्जियमचं उदाहरण याहून बोलकं आहे: २०१५-१६ मध्ये त्यांनी पीसीव्ही१३ सोडून १९ए नसलेली दहा सिरोटाइपांची लस घेतली, १९ए परत डोकं वर काढू लागला, आणि २०१९ मध्ये ते पीसीव्ही१३ वर परतले. इंग्लंडमध्ये ८, १२एफ आणि ९एन वाढले, पण तो फटका मुलांपेक्षा मोठ्या वयाच्या लोकांना जास्त बसला. म्हणजे "लसीनंतर काय झालं" याचं उत्तर वयोगटाप्रमाणे बदलतं. सगळी वयं एकत्र करून काढलेली सरासरी कुणाच्याच उपयोगाची नसते.

दर वाचतानाही दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, ब्लड कल्चर पाठवण्याची सवय. लसीकरण झालेल्या, ताप असलेल्या पण बऱ्या दिसणाऱ्या मुलाचं कल्चर पाठवणं डॉक्टरांनी कमी केलं तर आयपीडी कागदावर आपोआप घटतो. म्हणून अहवालात पाठवलेल्या कल्चरांची संख्या शोधा, आणि मेंदूज्वराचा दर वेगळा बघा. मेंदूज्वराच्या संशयात एलपी (पाठीतून सीएसएफ काढणं) करायची की नाही हे सहसा सवयीवर ठरत नाही. दुसरं, २०२०. त्या वर्षी आयपीडी अनेक देशांत कोसळला. इस्रायलमध्ये मुलांच्या नाकातला न्यूमोकॉकस जवळपास होता तेवढाच राहिला, तरीही आजार घटला. कारण त्याच्यासोबत येणारे आरएसव्ही, इन्फ्लुएन्झा, मेटान्यूमो हे विषाणू गायब होते. त्यामुळे २०२० किंवा २०२१ हे तुलनेचं मूळ वर्ष धरलेला आलेख सरळ मिटून ठेवावा.

लोकसंख्येचा नीट आकडा नसेल तर एक जुगाड आहे, पण शास्त्रशुद्ध. त्याला अप्रत्यक्ष कोहोर्ट म्हणतात. आयपीडी झालेल्याच मुलांचे दोन गट करायचे: आतला सिरोटाइप आणि बाहेरचा. समजा आतल्या गटात लस घेतलेली १०, न घेतलेली २०, गुणोत्तर ०.५. बाहेरच्या गटात घेतलेली ४०, न घेतलेली १०, गुणोत्तर ४. ०.५ भागिले ४ म्हणजे ०.१२५, परिणामकारकता १ उणे ०.१२५, म्हणजे ८७.५ टक्के. यात एक गोम आहे. लस घेतलेल्यांच्या नाकात बाहेरचे सिरोटाइप जास्त असतील तर दुसरं गुणोत्तर फुगतं आणि लस आहे त्यापेक्षा थोडी भारी दिसते.

रक्तआगर :

वरच्या सगळ्या हिशेबाचा पाया प्रयोगशाळेत आहे, आणि तिथेच तो सगळ्यात जास्त खचतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कल्चर निगेटिव्ह येण्याचं पहिलं कारण आधी दिलेलं अँटिबायोटिक. दुसरं, अपुरं रक्त. मुलांच्या रक्तात जंतू विरळ असतात. तान्ह्या बाळाचं अर्धा मिली रक्त घेऊन बाटली पाठवली तर निगेटिव्ह अहवालाला अर्थ उरत नाही. वजन बघून १ ते ३ मिली, मोठ्या मुलात त्याहून जास्त, आणि मुलांसाठीची बाटली. कल्चरची बाटली किंवा सीएसएफ फ्रीजमध्ये कधीही ठेवायचं नाही. लॅब बंद असेल तर खोलीच्या तापमानाला ठेवा. "खराब होऊ नये म्हणून" कुणीतरी फ्रीजमध्ये ठेवलेलं सीएसएफ हा कल्चर वाया जाण्याचा नेहमीचा मार्ग.

तिसरं कारण या जंतूच्या अंगचंच. न्यूमोकॉकसकडे ऑटोलायसिन नावाचं स्वतःलाच विरघळवणारं एन्झाइम असतं. बाटली रात्री दोनला पॉझिटिव्ह झाली आणि सकाळी दहाला काढली, तर ग्रॅम स्टेनमध्ये जोडीजोडीने बसलेले, भाल्याच्या टोकासारखे कॉकाय दिसतात आणि प्लेटवर काहीच उगवत नाही. जंतू मेलेले असतात. अशी बाटली "दूषित" म्हणून फेकू नका. त्यातल्याच द्रवावर अँटिजेन (जंतूचे अंश शोधणारी) किंवा पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी) तपासणी करा. मशीनने इशारा दिला की लगेच सबकल्चर (ताज्या प्लेटवर लावणं), हा खरा उपाय.

उगवलं तर ओळख: ५ टक्के मेंढीच्या रक्ताचा आगर, ५ टक्के सीओ२, भोवती हिरवट अल्फा हिमोलिसिस, जुनी वसाहत मधोमध खचलेली. ६ मिमीची, ५ मायक्रोग्रॅमची ऑप्टोचिन डिस्क. डिस्कभोवती जंतू न उगवलेला घेरा १४ मिमी किंवा जास्त असेल तर न्यूमोकॉकस. ७ ते १३ असेल तर बाइल सोल्युबिलिटी (पित्ताच्या क्षारात जंतू विरघळतो का) केल्याशिवाय सही करू नका. सीओ२ मध्ये ऑप्टोचिनला दाद न देणारा आणि साध्या हवेत देणारा जंतू मिळाला तर तो न्यूमोकॉकसचा जवळचा भाऊबंद स्युडोन्यूमोनी असण्याची शक्यता धरा.

आता तुमचा एम्पायमा. पू कल्चर निगेटिव्ह असला तरी त्यात जंतूचा डीएनए शाबूत असतो. पीसीआर लिटए (ऑटोलायसिनच्या) जनुकाचा मागा. न्युमोलायसिनचा पीएलवाय जनुक घशातल्या इतर स्ट्रेप्टोकॉकायमध्येही सापडतो, त्यामुळे तो एकटा पुरत नाही. लिटए पॉझिटिव्ह आला की त्याच डीएनएवर सिरोटाइपचे पीसीआर चालवता येतात. थेट कल्चरवरून करायचं असेल तर क्वेलुंग: अँटिसीरम लागलं की कवच फुगलेलं दिसतं, पद्धत शंभर वर्षांहून जुनी आणि अजून कुणी मागे टाकलेली नाही.

सिरोटाइप वाचताना दोन जोड्या जपा. ६ए आणि ६सी २००७ पर्यंत एकच धरले जायचे, त्यामुळे जुन्या तक्त्यातला ६ए म्हणजे दोन्हींची भेसळ. आणि १५बी व १५सी एकमेकांत रूपांतरित होत राहतात, म्हणून बरेचजण "१५बी/सी" असं जोडून लिहितात. पीसीव्ही२० मध्ये १५बी आहे म्हटल्यावर हा फरक कागदावर फार मोठा वाटतो. जंतूला तसा वाटत नाही.

औषधांच्या बाबतीत एकच चूक सांगतो, कारण ती सर्रास होते. १ मायक्रोग्रॅमची ऑक्सासिलिन डिस्क २० मिमी किंवा जास्त आली तर पेनिसिलिन चालेल. १९ किंवा कमी आली तर "पेनिसिलिन रेझिस्टंट" असं लिहायचं नाही, एमआयसी (जंतूची वाढ रोखणारी औषधाची किमान मात्रा) काढायची. आणि एमआयसीचा अर्थ जागेवर ठरतो. सीएलएसआय या अमेरिकी मानक संस्थेप्रमाणे मेंदूज्वरात ०.०६ मायक्रोग्रॅम प्रति मिली पर्यंत संवेदनशील आणि ०.१२ पासून रेझिस्टंट. न्यूमोनियात, शिरेतून पेनिसिलिन देणार असाल तर, २ पर्यंत संवेदनशील. म्हणजे एमआयसी १ असलेला तोच जंतू सीएसएफमध्ये रेझिस्टंट आणि छातीत संवेदनशील. लसीआधीच्या आणि नंतरच्या रेझिस्टन्सची तुलना करणाऱ्याने २००८ मध्ये हे आकडे बदलले, हे विसरलं तर निम्मा "सुधार" कागदी निघतो.

बालरोग_निवासी :

फार उपयोगी, दोघांचेही आभार. एक शंका: पीसीआरची सोय नसेल तर लघवीची अँटिजेन पट्टी का नको? पंधरा मिनिटांत उत्तर येतं.

रक्तआगर :

मोठ्या माणसात ठीक. मुलात नको. नाकात न्यूमोकॉकस असलेलं निरोगी मूलही लघवीत पॉझिटिव्ह येतं, आणि लहान वयात असं नाक असणारी मुलं काही थोडीथोडकी नसतात. लस दिल्यानंतर काही दिवसही खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. पट्टी हाताशी असेलच तर ती सीएसएफवर किंवा छातीतल्या द्रवावर वापरा. तिथे नाकातल्या जंतूचा प्रश्न येत नाही.

त्याच न्यायाने घशाचा किंवा नाकाचा स्वाब घेऊन "न्यूमोनियाचा जंतू सापडला" म्हणणंही चूक. तो स्वाब फक्त लोकसंख्येत कोणते सिरोटाइप फिरताहेत हे मोजायला. तसा घ्यायचा असेल तर नाकातून नॅसोफॅरिंक्सपर्यंत, काही सेकंद तिथेच ठेवून, १ मिली एसटीजीजीमध्ये (दूध पावडर, ट्रिप्टोन, ग्लुकोज, ग्लिसरॉल), बर्फावर, आणि शक्य तितक्या लवकर उणे ७० ला.

वॉर्ड_राउंड :

लसीतला सिरोटाइप निघाला तर पुढे काय, यावर.

"लस फसली" हा शब्द वापरायच्या आधी लसीचं कार्ड स्वतः बघा. आईवडील "सगळं झालंय" म्हणतात तेव्हा त्यांना प्रामाणिकपणे तसंच वाटत असतं. किती डोस, कोणत्या तारखांना, कोणत्या नावाची लस. दोन डोसांमध्ये चार आठवडेही नसतील तर तो डोस मोजू नका. शेवटच्या डोसानंतर चौदा दिवस उलटायच्या आत आजार आला असेल तर ते अपयश नाही. आणि ब्रँड बघाच, कारण दहा सिरोटाइपांच्या दोन लसी वेगवेगळ्या आहेत: एकीत ४ आणि १८सी आहेत पण ६ए आणि १९ए नाहीत, दुसरीत याच्या नेमकं उलट. ३ त्या दोन्हींत नाही. नुसतं "पीसीव्ही१० झाली" एवढ्यावर काहीच ठरवता येत नाही.

एम्पायमात सिरोटाइप ३ निघाला आणि पीसीव्ही१३ पूर्ण झालेली असेल तर मी मुलाच्या प्रतिकारशक्तीकडे बोट दाखवायला घाई करणार नाही. ३ ची गोष्टच वेगळी. त्याचं कवच जाड, चिकट, आणि पेशीभित्तीला रासायनिक बंधाने बांधलेलं नसतं. ते सुटून आजूबाजूला पसरतं आणि अँटिबॉडी जंतूपर्यंत पोचायच्या आधीच त्यातच अडकतात. म्हणून १३ मध्ये असूनही ३ पासूनचं संरक्षण बाकीच्यांपेक्षा तोकडं.

पण १४, ६बी, २३एफ असा एखादा निघाला आणि डोस निर्विवाद पूर्ण असतील, तर शोध घ्यावाच लागतो. स्मिअरवर हॉवेल-जॉली बॉडीज (तांबड्या पेशींत उरलेले केंद्रकाचे कण; प्लीहा आहे पण काम करत नाही, हे सोनोग्राफीला दिसणार नाही), प्लीहेची सोनोग्राफी, एचआयव्ही, आयजीजी-आयजीए-आयजीएम (अँटिबॉडींचे प्रकार) वयाच्या तक्त्याशी ताडून, आणि सीएच५० (कॉम्प्लिमेंट या रक्तातल्या संरक्षक प्रथिनांची तपासणी). सीएच५० चं रक्त घेतल्यावर सीरम लवकर वेगळं करून गोठवलं नाही तर आकडा खोटा कमी येतो. आजाराच्या भरातही कॉम्प्लिमेंट खर्ची पडलेलं असतं. कमी आला तर बरं झाल्यावर पुन्हा करा, लगेच शिक्का मारू नका. जीवघेणा संसर्ग असून ताप आणि सीआरपी (दाह दाखवणारी रक्ततपासणी) दोन्ही मवाळ, असं मूल दिसलं तर आयआरएके४ किंवा एमवायडी८८ या प्रतिकारशक्तीच्या प्रथिनांची कमतरता मनात ठेवा. दुसऱ्यांदा मेंदूज्वर झाला असेल तर सिरोटाइप कुठलाही असो, सीएसएफ कुठून गळतंय का ते शोधा: नाकातून येणारं पाणी, ऐकू कमी येणं, आतल्या कानाची रचना. कॉक्लिअर इम्प्लांट, नेफ्रोटिक सिंड्रोम आणि सिकल सेल यांची चौकशी तर पहिल्याच दिवशी.

अशा मुलांना दोन वर्षांनंतर, शेवटच्या पीसीव्हीला किमान आठ आठवडे झाल्यावर, पीपीएसव्ही२३ (प्रथिनाला न जोडलेली, नुसत्या कवचाची २३ सिरोटाइपांची लस) दिली जाते. पीसीव्ही२० मिळालेली असेल तर तिची गरज पडत नाही. दोन वर्षांच्या आत पीपीएसव्ही२३ चा उपयोग नाही, कारण नुसत्या साखरेच्या कवचाला तान्ही बाळं धड प्रतिसादच देत नाहीत. कॉन्ज्युगेट करून प्रथिनाला जोडण्याचा खटाटोप त्यासाठीच तर आहे.

एक इशारा, विषयाला थोडा सोडून. न्यूमोकॉकल न्यूमोनियाच्या मुलाचं हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट झपाट्याने उतरले, लघवी आटली, तर एचयूएस (तांबड्या पेशी फुटून मूत्रपिंड निकामी होण्याचा आजार) आठवा. जंतूचं न्यूरामिनिडेज तांबड्या पेशींवरचं टी-अँटिजेन उघडं पाडतं, आणि कूम्ब्स (तांबड्या पेशींवर अँटिबॉडी चिकटली आहे का, ही तपासणी) पॉझिटिव्ह येते. "कूम्ब्स पॉझिटिव्ह म्हणजे एचयूएस नाही" असं पाठ झालेलं असतं, ते इथे फसवतं. प्लाझ्मा शक्यतो टाळा, त्यात टी विरुद्धची अँटिबॉडी असते. रक्त द्यायचंच झालं तर धुतलेल्या पेशी द्या.

शीतपेटी :

डोसांच्या वादाचं उत्तर एका ओळीत: मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची नाही. मध्ये कितीही खंड पडला तरी झालेला डोस झालेला धरायचा.

पहिलाच डोस उशिरा सुरू होत असेल तर पीसीव्ही१३ ची प्रचलित पद्धत अशी: ७ ते ११ महिने वय असेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन आणि वर्षानंतर तिसरा. १२ ते २३ महिने, आठ आठवड्यांच्या अंतराने दोन. दोन वर्षं पूर्ण झालेल्या निरोगी मुलाला एक पुरतो. दुसऱ्या उत्पादनाचे आकडे थोडे वेगळे असू शकतात, कुपीसोबतचा कागद वाचा. पहिला डोस एका ब्रँडचा झाला आणि आता तो मिळत नसेल तर जो आहे त्याने मालिका पूर्ण करा. ब्रँडची वाट बघत मूल बिनलसीचं ठेवणं हा सगळ्यात वाईट पर्याय. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जन्मतारखेपासूनचं वय मोजूनच द्यायची, "वजन भरू दे" म्हणून थांबायचं नाही.

आता लसीची आबाळ, जिच्याकडे "लस फसली" म्हणणारे सहसा बघत नाहीत. ही अॅल्युमिनियमवर बसवलेली लस आहे. २ ते ८ अंश, आणि उष्णतेपेक्षा गोठण्याची भीती जास्त. आइस पॅक फ्रीझरमधून काढून थेट पेटीत लावले की कडेच्या कुप्या गोठतात. पॅक आधी बाहेर ठेवायचा, कानाशी हलवून आत पाणी खळखळतंय असं ऐकू आलं की मगच पेटीत. व्हीव्हीएमचा (कुपीवरच्या रंग बदलणाऱ्या खुणेचा) चौकोन छान पांढरा दिसतो म्हणून निर्धास्त होऊ नका: तो उष्णता दाखवतो, गोठणं दाखवत नाही. संशय आला तर शेक टेस्ट: त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवा, संशयित कुपीसोबत दोन्ही हलवा, शेजारी ठेवा, अर्धा तास लक्ष द्या. संशयित कुपीतला गाळ गोठवलेलीइतक्याच वेगाने किंवा जास्त वेगाने खाली बसला तर ती बाद.

देताना: कुपी जोरात हलवून एकसारखी पांढुरकी करायची. न हलवता घेतलेल्या ०.५ मिलीत अँटिजेन कमी आणि पाणी जास्त, आणि बहुडोस कुपीत तर पहिल्या बाळाचं कमी व शेवटच्याचं जास्त. मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात, स्नायूत. त्याच दिवशी पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची लस) असेल तर दुसऱ्या मांडीत, किंवा एकाच मांडीत किमान अडीच सेंटीमीटर अंतर सोडून.

उघडलेली कुपी किती दिवस चालते, याचं सरसकट उत्तर शोधू नका. पीसीव्ही१३ च्या चार डोसांच्या कुपीत २-फिनॉक्सीइथेनॉल हे परिरक्षक असतं, नियमांनी ठेवली तर २८ दिवसांपर्यंत वापरता येते. दहाच्या एका लसीची जुनी दोन डोसांची कुपी परिरक्षकाविना होती, ती सहा तासांत फेकायची. दिसायला दोन्ही सारख्याच. उघडल्याची तारीख आणि वेळ कुपीवर लिहिणं हाच उपाय.

आणि ताप येऊ नये म्हणून लसीआधीच पॅरासिटामॉल पाजू नका. दहा सिरोटाइपांच्या लसीवरच्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २४ तासांत तीन डोस ठरवून दिलेल्या बाळांमध्ये अँटिबॉडी कमी निघाल्या होत्या. ताप आल्यावर दिलं तर हरकत नाही. मेनबी (मेनिंगोकॉकस बी) लस सोबत असेल तेव्हाचा सल्ला वेगळा आहे, तो इथे लावू नका.

दुसरी_बाजू :

सगळ्यांशी सहमत, फक्त वेळापत्रकाची बाजू राहिली. तीन डोस आणि बूस्टर नाही (३+०), की दोन आणि बूस्टर (२+१), हा फरक एका सिरोटाइपपुरता महत्त्वाचा ठरतो: १. तो नाकात फार काळ राहत नाही, साथीच्या रूपात येतो, आणि मोठ्या मुलांनाही धरतो. तान्हेपणी मिळालेल्या अँटिबॉडी तोवर उतरलेल्या असतात. घानाच्या ब्राँग-अहाफो भागात २०१५-१६ मध्ये मेंदूज्वराची साथ आली, तिथे १३ ची लस ३+० पद्धतीने सुरू होती आणि साथीत १ चाच भरणा होता. रुग्ण बहुतांश लसीचं वय उलटून गेलेले. दक्षिण आफ्रिकेत ६ आठवडे, १४ आठवडे, ९ महिने अशी २+१ पद्धत आहे, तिथे १ उतरला. सगळं श्रेय बूस्टरला देता येणार नाही, १ स्वतःहूनही लाटांसारखा चढतो-उतरतो. पण बूस्टरच्या बाजूचा युक्तिवाद भक्कम आहे.

इंग्लंडने जानेवारी २०२० पासून १+१ केलं: एक तान्हेपणी, एक वर्षाला. ते बघून "मग आपणही एक डोस वाचवू" असं कुणी म्हणालं तर सावध. तिथे पीसीव्ही७ सप्टेंबर २००६ पासून आणि पीसीव्ही१३ एप्रिल २०१० पासून चालू होती. आतले सिरोटाइप भोवतालातून जवळजवळ पुसले गेले होते. एका डोसावरच्या बाळाचं संरक्षण त्याच्या स्वतःच्या अँटिबॉडीपेक्षा आजूबाजूच्या स्वच्छ नाकांवर जास्त अवलंबून असतं. लसीकरणाची व्याप्ती कमी असलेल्या ठिकाणी ती नाकं स्वच्छ नसतात.

बालरोग_निवासी :

कानाचं कुणीच बोललं नाही. पालकांना "कान फुटायचे थांबतील" असं सांगितलं जातं.

आकडेमोड :

सांगू नये. फिनलंडच्या पीसीव्ही७ चाचणीचे (२००१) आकडे बघा: लसीतल्या सिरोटाइपांमुळे होणारा मध्यकर्णदाह ५७ टक्के घटला, बाहेरच्यांमुळे होणारा ३३ टक्के वाढला, आणि सगळी कारणं धरून एकूण घट फक्त ६ टक्के. कानात न्यूमोकॉकसशिवाय हिमोफिलस आणि मोराक्सेला बसलेलेच असतात. वारंवार कान फुटणाऱ्या मुलांत फायदा याहून बरा दिसतो, पण तो पालकांना द्यायच्या आश्वासनाइतका नाही.

न्यूमोनियाचंही तसंच. गाम्बियात नऊ सिरोटाइपांच्या लसीच्या चाचणीत (२००५) लसीतल्या सिरोटाइपांची आयपीडी ७७ टक्के, एक्स-रेवर दिसणारा न्यूमोनिया ३७ टक्के आणि बालमृत्यू १६ टक्के घटले. मात्र नुसत्या खोकला-धाप या लक्षणांवर मोजलेला न्यूमोनिया यापेक्षा खूप कमी घटतो, कारण त्यात विषाणूंचा वाटा मोठा. आकडा लहान दिसला म्हणून लस लहान होत नाही. आजाराची व्याख्या किती सैल आहे त्यावर तो ठरतो.

बालरोग_निवासी :

शेवटचं. पू हातात आहे, पीसीआर दुसऱ्या शहरात. नमुना कसा ठेवू?

रक्तआगर :

इंटरकॉस्टल ड्रेन (पू काढायची छातीतली नळी) टाकतानाच घ्या, दोन दिवसांनी पिशवीतून नको. तीन भाग करा: एक कल्चरला, एक पेशी आणि रसायन तपासणीला, आणि किमान ०.५ ते १ मिली निर्जंतुक स्क्रू-कॅप नळीत पीसीआरसाठी. कल्चरचा भाग खोलीच्या तापमानाला, लगेच. पीसीआरचा भाग त्याच दिवशी निघणार असेल तर २ ते ८ अंशाला, नाहीतर उणे २० ला गोठवा आणि मध्ये वितळू देऊ नका. हेपरिनच्या नळीत कधीही घालू नका, हेपरिन पीसीआरची प्रक्रियाच अडवतं. नळीवर नाव-तारखेसोबत अँटिबायोटिकचा पहिला डोस कधी दिला ती वेळ, आणि विनंतीपत्रावर लसीचा ब्रँड व डोसांच्या तारखा लिहा. हे शेवटचं लिहायचं राहिलं तर सिरोटाइप मिळूनही आकडेमोड यांच्या तक्त्यात तो "लस माहीत नाही" या रकान्यात जाऊन बसतो.